मुलांना सिनेमाला नेण्यापूर्वी: चित्रपटाच्या प्रमाणपत्राविषयी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभेचा विषय हजेरीचा असो की गृहपाठाचा, सभा संपून चहा आला की दोन-चार आया आणि एखादे वडील हमखास जवळ येतात आणि विचारतात, “बाई, रविवारी जळगावला पिक्चरला जातोय, पोरांना न्यावं की नाही?” मी अमळनेर तालुक्यातील एका शाळेत शिकवते आणि मला स्वतःला सात वर्षांचा मुलगा व चौदा वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे हा प्रश्न मला शाळेत पडतो तसाच घरीही पडतो. गेल्या काही वर्षांत पालकांनी विचारलेले प्रश्न आणि कायदा व नियम पाहून मी त्यांना दिलेली उत्तरे येथे एकत्र मांडली आहेत.

वर्तमानपत्रात चित्रपटाला तीन तारे, चार तारे देतात, तेच रेटिंग का?

नाही, आणि सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. तारे हे समीक्षकाचे मत असते. चित्रपट चांगला जमला आहे की नाही, एवढेच ते सांगतात. तिकीट काढताना मोबाइलवर दिसणारे दहापैकी गुण किंवा टक्के हे प्रेक्षकांच्या पसंतीचे असतात. चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकाने पाहावा, हे यांपैकी कशातूनही कळत नाही. साडेचार तारे मिळालेला उत्कृष्ट चित्रपट आठ वर्षांच्या मुलासाठी पूर्णपणे अयोग्य असू शकतो. वयाविषयी बोलते ते फक्त प्रमाणपत्र, म्हणजे चित्रपटाच्या नावाशेजारी छापलेले यू, यूए किंवा ए हे अक्षर.

हे प्रमाणपत्र कोण देते?

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ. लोकांच्या तोंडी अजूनही ‘सेन्सॉर बोर्ड’ हेच नाव आहे, परंतु १९८३ मध्ये अधिकृत नावातील ‘सेन्सॉर’ हा शब्द जाऊन त्या जागी ‘प्रमाणन’ हा शब्द आला. मंडळ १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली काम करते. त्याचे मुख्यालय मुंबईत असून देशभरात नऊ प्रादेशिक कार्यालये आहेत. चित्रपट आधी एक तपासणी समिती पाहते, त्या समितीत स्त्रियांचाही समावेश असतो आणि निर्मात्याला निर्णय मान्य नसेल तर तो पुनरीक्षण समितीकडे जाऊ शकतो.

चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर काही क्षण एक कागद दिसतो, तेच हे प्रमाणपत्र. त्यावर चित्रपटाचे नाव, भाषा, लांबी, प्रमाणपत्राचा प्रकार आणि तो पाहणाऱ्या सदस्यांची नावे असतात. आपण तेवढ्या वेळात खुर्ची शोधत असतो किंवा मोबाइल बंद करत असतो. मी आता मुलांना ते वाचायला लावते. वाचताना अडखळत असला तरी माझा सात वर्षांचा मुलगा ‘यू’ हे अक्षर शोधून काढतो आणि त्याला त्याचा मोठा अभिमान वाटतो.

प्रमाणपत्राचे प्रकार किती आणि त्यांचा अर्थ काय?

यू म्हणजे सर्वांसाठी खुला. ए म्हणजे फक्त प्रौढांसाठी, आणि कायद्यानुसार प्रौढ म्हणजे वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती. एस हा प्रकार डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा विशिष्ट व्यवसायातील प्रेक्षकांपुरता असतो, त्यामुळे आपल्या गावच्या चित्रपटगृहात त्याचा संबंध येत नाही.

पालकांसाठी खरा महत्त्वाचा प्रकार मधला आहे: यूए. १९८३ पासून यूए म्हणजे ‘बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन आवश्यक’ असा एकच अर्थ होता. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला थोडासा भिववणारा चित्रपट आणि पंधरा वर्षांच्या मुलालाही जड जाईल असा चित्रपट, दोन्ही एकाच शिक्क्याखाली येत असत. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मार्च २०२४ मध्ये नवे नियम आले आणि यूएचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हा बदल पालकांच्या फार उपयोगाचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आता शिक्क्यातून काहीतरी नेमके कळते.

जुन्या चित्रपटांवर मात्र नुसते ‘यूए’ असेच राहिलेले दिसेल. तेथे वयाचा आकडा नसल्यामुळे चौकशी अधिक करावी लागते.

चित्रपट यूए १६+ आहे आणि माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. दारावर अडवतील का?

अडवणार नाहीत, आणि हे उत्तर ऐकून बहुतेक पालक चकित होतात. यूए पुढील आकडा हा पालकांना दिलेला सल्ला आहे. मूल त्या वयापेक्षा लहान असेल तर त्याला चित्रपट दाखवावा की नाही, याचा विचार आई-वडिलांनी किंवा पालकांनी करावा, असे कायदा सांगतो. आणि या आकड्याची अंमलबजावणी पालकांखेरीज दुसऱ्या कोणीही करायची नाही, असेही त्यातच नमूद आहे. म्हणजे तिकीट तपासणारा माणूस तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला आत सोडतो, तेव्हा तो नियम मोडत नसतो. तो अधिकार त्याच्याकडे नाहीच, तो तुमच्याकडे आहे.

“आत सोडले म्हणजे चालत असेल” हा तर्क म्हणूनच चुकीचा ठरतो. एका पालकांनी मला अगदी असेच सांगितले होते, की कोणी काही बोलले नाही म्हणून आम्ही बसलो. कोणी बोलणार नव्हतेच. मंडळाने आपले काम आकडा छापून पूर्ण केले होते आणि उरलेले काम त्या घराचे होते.

आई-वडील सोबत असतील तर ए प्रमाणपत्राच्या चित्रपटाला मुलांना नेता येते का?

येत नाही. येथे पालकांच्या संमतीला जागा नाही. १८ वर्षांखालील व्यक्तीला असा चित्रपट दाखवला, तर चित्रपटगृहाकडून कायद्याचा भंग होतो आणि त्यासाठी कारवाईची तरतूद आहे. त्यामुळे अकरावीतल्या मुलाचे ओळखपत्र मागितले तर कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नये. चाळीसगावहून किंवा पाचोऱ्याहून एसटीने जळगावला येऊन दारावरून परत फिरण्यापेक्षा, तिकीट काढतानाच अक्षर पाहिलेले बरे. पैसे परत मिळतीलच असे धरून चालू नये.

मुलगी बारा वर्षे आठ महिन्यांची आहे. यूए १३+ चालेल का?

चार महिन्यांनी मुलांचे मन बदलत नाही. तुमच्या मुलीला कशाची भीती वाटते, हे आकड्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. माझ्या वर्गात मारामारीची दृश्ये हसत पाहणारी, पण पडद्यावर एखाद्या मुलाची आई आजारी पडली की दोन रात्री न झोपणारी मुलगी होती. तिच्यासाठी हाणामारीचा १३+ कदाचित ठीक ठरला असता आणि आईच्या आजारपणाचा ७+ जड गेला असता.

आकडा ठरवताना मंडळ काय पाहते?

हिंसा, लैंगिक दृश्ये आणि नग्नता, शिवीगाळ, अमली पदार्थ व व्यसने, भीतिदायक दृश्ये, मूळ विषय किती गंभीर आहे, आणि मुले पाहून अनुकरण करतील अशी धोकादायक कृत्ये. एखादे दृश्य सुटे न काढता संपूर्ण चित्रपटाचा एकत्रित परिणाम पाहावा, असे तत्त्व आहे. म्हणूनच एखादी शिवी असलेला चित्रपट ७+ मध्ये राहू शकतो आणि एकही शिवी नसलेला, परंतु सतत दडपण ठेवणारा चित्रपट १६+ मध्ये जाऊ शकतो.

यू असलेला चित्रपट डोळे झाकून दाखवावा का?

यू याचा अर्थ ‘सर्वांनी पाहण्यास हरकत नाही’ एवढाच आहे. तो मुलांसाठी बनवलेला आहे, मुलांना कळेल किंवा आवडेल, असा त्याचा अर्थ नाही. अडीच तासांचा कौटुंबिक चित्रपट यू असतो, पण पाच वर्षांचे पोर चाळीस मिनिटांत कंटाळून रांगेत पळायला लागते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. चित्रपटात तंबाखू किंवा सिगारेट दिसत असेल, तर सुरुवातीला आणि मध्यंतराच्या सुमारास किमान ३० सेकंदांची तंबाखूविरोधी चित्रफीत दाखवणे बंधनकारक आहे, आणि तिच्यात तोंडाच्या कर्करोगाची दृश्ये असू शकतात. ती दाखवली जावीत असेच मला वाटते, कारण आपल्या भागात तंबाखू मळणारा हात घराघरांत आहे. पण लहान मुलाची तयारी करायला हवी. माझ्या मुलाने ती चित्रफीत पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तो पुढचा सगळा चित्रपट माझ्या पदराशी चाळा करत बसला आणि परतताना गाडीत त्याने विचारले, “आबांच्या तोंडाला पण असं होईल का?” आबा, म्हणजे माझे सासरे, पुढच्याच सीटवर बसले होते. त्यांनी काही उत्तर दिले नाही. चुन्याची डबी मात्र त्या दिवशी खिशातून बाहेर आली नाही.

जाण्यापूर्वी चित्रपटाची माहिती कशी काढावी?

प्रमाणपत्राचा प्रकार जाहिरातीवर छापलेला असतो आणि तिकीट काढण्याच्या ॲपवर चित्रपटाच्या नावाखालीही दिसतो. तेथून सुरुवात करावी. केवळ ट्रेलरवर विसंबू नये. ट्रेलरला स्वतःचे वेगळे प्रमाणपत्र असते, आणि यू शिक्क्याचा ट्रेलर यूए १६+ चित्रपटाचा असू शकतो.

सर्वांत उपयोगी मार्ग म्हणजे मूल घेऊन तो चित्रपट पाहून आलेल्या माणसाला विचारणे. मात्र “कसा आहे?” असे विचारले तर “भारी आहे” एवढेच उत्तर मिळते. नेमके विचारावे: कोणी लहान मूल हरवते किंवा मरते का? आई किंवा वडील जातात का? प्राण्याला मारलेले दाखवले आहे का? रक्त जवळून दाखवले आहे का? अंधारात अचानक मोठा आवाज होतो का? साधारणपणे सहा-सात वर्षांपर्यंतची मुले जे दिसते त्याला घाबरतात, म्हणजे विद्रूप चेहरा, राक्षस, आवाज. त्याहून मोठी मुले जे खरोखर घडू शकते त्याला घाबरतात, म्हणजे अपहरण, अपघात, घर उद्ध्वस्त होणे. हा फरक ध्यानात ठेवून प्रश्न विचारले तर दोन मिनिटांच्या फोनवर काम होते.

चित्रपट चालू असताना मूल घाबरले तर काय करावे?

उठावे आणि बाहेर यावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

हे मी स्वतः उशिरा शिकले. दोन वर्षांपूर्वी सुटीत आम्ही सहकुटुंब एक यूए चित्रपट पाहायला गेलो. सोबत धुळ्याहून आलेला माझा भाचा होता, सहा वर्षांचा. घरी अहिराणी बोलणारे, धीट पोर. पहिल्या अर्ध्या तासात त्याने पॉपकॉर्न खाल्ले. मग एक आगीचे दृश्य आले, आवाज छातीत घुमू लागला आणि त्याने माझे मनगट दोन्ही हातांनी धरले. मी त्याला कुजबुजत सांगितले, “अरे, खोटं असतं ते.” त्याने पडद्याकडे पाठ केली, खुर्चीत गुडघ्यांवर उलटा बसला आणि म्हणाला, “मामी, माले भ्याव वाटस.” चारशे रुपयांची तिकिटे वाया जातील म्हणून मी त्याला मध्यंतरापर्यंत तसेच बसवून ठेवले. त्या वीस मिनिटांची खंत मला अजून आहे. पुढचे कित्येक दिवस गॅस पेटवला की तो स्वयंपाकघरातून निघून जायचा, असे नणंदेने नंतर सांगितले.

‘खोटं असतं’ हे वाक्य लहान मुलाच्या उपयोगी पडत नाही. त्याची भीती खरी असते. बाहेर उजेडात आणावे, पाणी द्यावे, त्याला काय दिसले ते त्याच्याच शब्दांत सांगू द्यावे, त्याच्याच घरच्या बोलीत. परत आत जायचे की नाही, हे त्याला ठरवू द्यावे. घरी गेल्यावर रात्री दिवा चालू ठेवायला सांगितले तर ठेवावा.

दक्षिणेकडचे हिंदीत डब केलेले चित्रपट टीव्हीवर दिवसभर चालू असतात. त्यांचे काय?

डब केलेल्या आवृत्तीला वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे मूळ भाषेतील चित्रपटाचा शिक्का हिंदी आवृत्तीला लागू होईलच असे नाही. ए किंवा एस प्रमाणपत्राचा चित्रपट टीव्हीवर आणायचा असेल, तर त्यात आवश्यक ते बदल करून वेगळे प्रमाणपत्र मिळवावे लागते. यातून एक अडचण उभी राहते. मूल टीव्हीवर काटछाट केलेली आवृत्ती पाहते, ती त्याला आवडते आणि तेच नाव ते मोबाइलवर शोधते. तेथे त्याच नावाची पूर्ण आवृत्ती समोर येते. “हा तर पाहिलेला आहे” असे मूल म्हणाले, तरी एकदा शिक्का पाहावा.

मोबाइलवरील आणि घरच्या टीव्हीवरील ओटीटीला मंडळाचे प्रमाणपत्र असते का?

ओटीटीसाठी तयार झालेल्या मालिका आणि चित्रपट मंडळाकडे जात नाहीत. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या कंपन्या स्वतःच वर्गवारी करतात: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए. कार्यक्रम सुरू होताना वयोगट आणि त्यात हिंसा, शिवीगाळ वगैरे काय आहे, याची सूचना दाखवणे त्यांना बंधनकारक आहे. यूए १३+ आणि त्यावरील सामग्रीसाठी पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय द्यावी लागते, तर ए सामग्रीसाठी वयाची खातरजमा करण्याची व्यवस्था लागते.

सोय असते, पण ती चालू आपल्यालाच करावी लागते. सेटिंगमध्ये जाऊन चार आकड्यांचा पिन ठेवावा, मुलांचे वेगळे प्रोफाइल करावे, आणि तो पिन मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नये; पहिला अंदाज मुले तोच करतात. वर्गवारी चुकीची वाटली तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यावा, असा नियम आहे.

यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ पाहिले जातात. ते तर आपल्याच भाषेतले आहेत, मग काळजी कशाची?

आपली बोली पडद्यावर ऐकू येते, याचा मलाही मनापासून आनंद आहे. लग्नाच्या वरातीत, कानबाईच्या उत्सवात वाजणारी गाणी मुले मोबाइलवर पाहतात आणि बोली टिकते. परंतु या व्हिडिओंना कोणतेही प्रमाणपत्र नसते, आणि भाषा घरची आहे म्हणून आशयही घरचा असेल असे नाही. विनोदाच्या नावाखाली बायकोला मारणे, जाड किंवा सावळ्या मुलीची टर उडवणे, दारू पिऊन झिंगणे हेही येते. आणि ते घरच्या शब्दांत असल्यामुळे मुलांच्या तोंडी लवकर बसते. येथे शिक्का पाहायची सोयच नाही, म्हणून शेजारी बसून पाहणे एवढाच उपाय उरतो. गाणी आधी स्वतः ऐकून एक यादी करून ठेवली, तर मुले बहुतेक तीच पुन्हा पुन्हा लावतात.

इंग्रजी चित्रपटांवर पीजी-१३, आर अशी अक्षरे दिसतात. ती कशी वाचावीत?

ती अमेरिकेतील वर्गवारी आहे. तेथे पीजी-१३ म्हणजे १३ वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी विशेष काळजी घ्यावी, आणि आर म्हणजे १७ वर्षांखालील मुलांना पालकांसोबतच प्रवेश. आपल्याकडे ए चित्रपटाला पालकांसोबतही प्रवेश नाही, हा फरक लक्षात ठेवावा. भारतातील चित्रपटगृहात भारतीय प्रमाणपत्रच लागू होते; अमेरिकन अक्षराचा उपयोग आधीच्या चौकशीपुरता.

चित्रपट करमुक्त झाला आहे म्हणून शाळेने मुलांना नेण्याचे ठरवले. हे योग्य आहे का?

करसवलतीचा आणि वयाचा काहीही संबंध नाही. चित्रपटाचा विषय समाजाला उपयुक्त वाटला म्हणून सरकार सवलत देते. तो पहिलीच्या मुलांना झेपेल असे त्यातून ठरत नाही. इतिहासावरील चित्रपटांत छळाची आणि युद्धाची दृश्ये दीर्घ असू शकतात. शाळेने सूचनावहीत चित्रपटाचे नाव आणि त्याचे प्रमाणपत्र दोन्ही लिहून पाठवावे, अशी मागणी पालकांनी करावी; आणि एखाद्या पालकाने नकार दिला तर त्या मुलाला वर्गात वेगळे पाडले जाऊ नये. आमच्या शाळेत पहिली ते चौथी आणि पाचवी ते सातवी यांच्यासाठी वेगवेगळे चित्रपट निवडावेत, असा आग्रह मी शिक्षकांच्या बैठकीत धरला आणि तो मान्य झाला.

चित्रपटगृहाने लहान मुलांना ए चित्रपटाला बसवले, किंवा यात्रेत अथवा गल्लीत पडदा लावून काहीही दाखवले, तर तक्रार कोठे करावी?

जाहीर प्रदर्शन कोठेही असो, चित्रपटाला प्रमाणपत्र लागतेच. गणेश मंडळाच्या मांडवातला पडदाही याला अपवाद नाही. प्रमाणन मंडळ चित्रपट तपासून प्रमाणपत्र देते, पण दारावरची अंमलबजावणी हे राज्य सरकारचे काम आहे. त्यामुळे तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी करावी. तारीख, खेळाची वेळ, चित्रपटाचे नाव लिहावे आणि तिकीट जपून ठेवावे.

घरात सहा वर्षांचे आणि पंधरा वर्षांचे अशी दोन्ही मुले आहेत आणि आजी-आजोबाही येणार आहेत. कोणाचे वय धरावे?

सर्वांत लहान मुलाचे. मोठ्याचा हिरमोड होईल हे खरे आहे, म्हणून त्याचा वेगळा चित्रपट त्याला मिळायला हवा. नाहीतर तो धाकट्यावर राग धरतो. आम्ही गेल्या दिवाळीच्या सुटीत असेच केले. सगळ्यांनी मिळून दुपारी एक यू चित्रपट पाहिला. दोन दिवसांनी मी आणि मुलगी यूए १३+ चित्रपटाला दोघीच गेलो, आणि धाकटा आजीजवळ राहिला. तिने त्याच्यासाठी शेवभाजी केली होती, त्यामुळे त्याने आम्ही कोठे चाललो आहोत हेही विचारले नाही. चित्रपटात एक दृश्य असे होते, की मुलगी मान खाली घालून बसली. मी काही बोलले नाही. परतताना बसमध्ये, धरणगावच्या अलीकडे, तिने आपणहून विषय काढला आणि अमळनेर येईपर्यंत आम्ही त्या एका दृश्याविषयी बोलत होतो.